खिशातली धार आणि सीमेवरचा कायदा

डिसेंबर उजाडला आणि बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची लगबग सुरू झाली की तिच्याबरोबर आणखी एक लगबग सुरू होते. महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा जाहीर करते, पोलीस परवानगी नाकारतात, कोगनोळीच्या नाक्यावर कोल्हापूरकडून येणारी वाहने अडविली जातात आणि मनाई आदेश निघतो. २०२२ च्या डिसेंबरात हा सारा प्रकार देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. या नाट्याच्या राजकीय अंकावर बोलणारे आणि लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते अशा आदेशांत नेमाने येणाऱ्या एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘चाकू’.

महाराष्ट्रात असा आदेश १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली निघतो. कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्याचे ३५ वे कलम त्याच कामी येते. दोन्ही कलमांतील यादी सख्ख्या भावांसारखी आहे: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी अन्य कोणतीही वस्तू. यात नवल करण्यासारखे काही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्याचाच भाग होता आणि दोन्ही कायद्यांचे कूळ एकच आहे. राज्यपुनर्रचनेने माणसे वाटली, शाळा वाटल्या, जमिनीचे दाखलेही वाटले. या एका वाक्याची वाटणी मात्र कोणी मागितली नाही.

या यादीतील तलवार, भाला, बंदूक यांविषयी कोणाच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. त्या वस्तू हातात घेऊन कोणी बाजाराला जात नाही. चाकूची गोष्ट वेगळी आहे. चाकू म्हणजे नेमके काय, त्याचे पाते किती लांबीचे, तो मिटणारा की न मिटणारा, खटक्याचा की साधा, खिशात असलेला की हातात उगारलेला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कलमात नाही. उत्तर नाक्यावरचा शिपाई देतो. त्याच्या समोर उभा असलेला माणूस कोण आहे, कोणत्या वाहनातून आला आहे आणि कोणती भाषा बोलतो आहे, हे पाहून तो ते देतो, अशी सामान्य माणसाची समजूत असेल तर ती अगदीच निराधार म्हणवत नाही.

हा विषय आज काढण्याचे एक निमित्त आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडील शहरी तरुणांत एका नव्या छंदाने मूळ धरले आहे. उंची, मिटणारे चाकू जमवावयाचे, ते खोलून, घासूनपुसून, त्यांची चाल हवी तशी बसवून घ्यावयाची आणि त्यांतला एक नित्य खिशात बाळगावयाचा, असा हा छंद. जुन्या पिढीला तो विचित्र वाटेल. चाकूसाठी कोणी महिन्याचा पगार खर्च करील, ही कल्पनाच आपल्या घरांत कोणाला पटणार नाही. परंतु ज्या समाजाने अडकित्ते जमविले त्याला हे हसण्याचा अधिकार आहे काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचा संग्रह ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, सुपारी कातरण्याच्या क्षुल्लक कामासाठी आपल्या कारागिरांनी पितळेत आणि पोलादात मोर, घोडे आणि मिथुने घडविली. कोकणातल्या वा करवीरच्या वृद्धाच्या कमरेला चंची असे. तिच्यात पान, चुन्याची डबी आणि अडकित्ता. त्याहून मागे गेलो तर कुळकर्ण्याच्या कलमदानात कलमतराश असे. बोरूचा कत बिघडला की ती छोटी सुरी बाहेर निघे. इंग्रजीत खिशातल्या चाकूला जे नाव पडले तेही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले आहे. म्हणजे मिटणाऱ्या चाकूचा जन्म मारामारीच्या अड्ड्यावर झाला, ही समजूत चुकीची आहे. लिहिणाऱ्यांच्या बैठकीशी त्याचा संबंध फार जुना आहे.

या छंदाची दुनिया मोठी आहे आणि तिच्यात खरोखरीचे कसब आहे. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू केला. १९५५ मध्ये त्याला फिरती कडी बसली आणि काम करताना पाते बोटांवर मिटण्याची भीती गेली. तो आजही सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत मिळतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८९७ मध्ये नोंदविलेला अधिकाऱ्यांचा चाकू तर जगभर त्या देशाच्या नावानेच ओळखला जातो. अमेरिकेत १९६४ मध्ये बक कंपनीने पाठीच्या कण्यात कुलूप असलेला चाकू काढला, १९८० च्या सुमारास मायकेल वॉकरने मुठीच्या आतील पातळ पट्टीनेच पाते अडविण्याची युक्ती बसविली आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ख्रिस रीव्हने मुठीचाच एक भाग कुलूप म्हणून वापरला. त्याच्या चाकूचे नाव ‘सेबेंझा’. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. त्याची किंमत आज चारशे डॉलरांच्या पुढे आहे आणि ज्यांच्या खिशात तो असतो त्यांतील पुष्कळांच्या वाट्याला फार तर पार्सलाची दोरी कापण्याचे काम येत असावे.

पोलादाची चर्चा तर हे छांदिष्ट वैद्यांनी नाडीची करावी तशा गांभीर्याने करतात. धार किती काळ टिकते, गंज किती लवकर चढतो आणि पाते आघाताने तडकते का, या तीन गुणांची एकमेकांशी ओढाताण असते. एक वाढविला की दुसरा घटतो. २०२१ मध्ये बाजारात आलेले ‘मॅग्नाकट’ हे पोलाद लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने या तिघांचा मेळ घालण्यासाठी, खास चाकूंकरिताच सिद्ध केले. चाल बसविणे म्हणजे काय, तर खिळीभोवतीच्या चकत्या घासून गुळगुळीत करावयाच्या, पाते मिटल्यावर मुठीच्या बरोबर मध्ये यावे म्हणून स्क्रू केसभर सैल वा घट्ट करावयाचा, कुलपाची पट्टी पात्याच्या टाचेवर किती टेकते हे पाहावयाचे. मग निसण्यावर एका बाजूला पंधरा ते वीस अंशांचा कोन धरून धार आणावयाची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ती फिरवावयाची. हा शेवटचा भाग आपल्या न्हाव्याने वस्तऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यासाठी त्याला कोणी छांदिष्ट म्हटले नाही.

आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. जगातील चाकूप्रेमी ज्या प्राचीन पोलादाचे नाव आजही आदराने घेतात ते ‘वूट्झ’ हे पोलाद आपल्या दक्षिणेचे. हा शब्द पोलादवाचक ‘उक्कु’ या कानडी शब्दावरून आला असे मानले जाते. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पाठविले आणि पुढल्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. लंडनचा चाकू-कारागीर जेम्स स्टोडार्ट याने त्या पोलादातून लेखणी तासण्याचा चाकू घडविला, आणि त्याच्याच सहकार्याने मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या आसपास मिश्र पोलादांवर प्रयोग केले. कानडी नाव, मुंबईचे बंदर, लंडनची ऐरण! आज बेळगावात ‘उक्कु’ म्हणणारा आणि ‘पोलाद’ म्हणणारा एकमेकांच्या दुकानांच्या पाट्या मोजीत बसले आहेत, हा काळाचा महिमा.

असो. ज्याच्या खिशात चारशे डॉलरांचे ‘काम’ आहे तो तरुण आणि ज्याच्या कमरेला शे-दोनशे रुपयांचा कोयता आहे तो मजूर, हे दोघे एकाच नाक्यावर उभे आहेत अशी कल्पना आता वाचकांनी करावी. कोकणी वाचकाला कमरेच्या आकडीला अडकविलेला कोयता परका नाही. बागायतीत जाणारा माणूस तो लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गोव्यातला रेंदेर माडावर चढतो तो कमरेची काती घेऊनच. घाटावर निपाणी, संकेश्वर, हुक्केरीच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्यांचे सारे भांडवल म्हणजे कोयता. निपाणीत तंबाखूच्या वखारींतून आणि विडीच्या धंद्यातून राबणाऱ्या बायांच्या हातात कात्री असते. पत्र्याच्या साच्यावर ठेवून तेंदूचे पान कापण्यासाठी. हा कोयता कोण करतो? रस्त्याच्या कडेला पाल ठोकून भाता लावणारा घिसाडी पुष्कळदा तो घडवितो, मालमोटारीच्या मोडक्या कमानपाट्यापासून. अमेरिकेतील नामांकित लोहार आपले हातघडणीचे चाकू ज्या ‘५१६०’ क्रमांकाच्या पोलादातून करतात तेही कमानपाट्याचेच पोलाद आहे. घिसाड्याला त्याचा क्रमांक ठाऊक नसतो. पाणी केव्हा द्यावयाचे हे तो लोखंडाच्या रंगावरून ओळखतो.

कायद्याच्या दृष्टीने या दोघांतील निर्दोष कोण? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे उत्तर मोठे शहाणपणाचे आहे. हल्ल्यासाठी वा संरक्षणासाठी बनविलेली वा तशी फिरविलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी केलेली वस्तू शस्त्र नव्हे, असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. नियमांनी मापही दिले आहे: घरकाम, शेती, शास्त्र वा उद्योग यांसाठी नसलेले आणि नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार परवान्याच्या कक्षेत येते. या मापाने तीन इंची मिटणारा चाकू मोकळा आणि उसाचा कोयता, शेतीचे अवजार म्हणून, तोही मोकळा. कायदा येथे थांबला असता तर आम्हांला हा लेख लिहावा लागला नसता.

परंतु त्याच अधिनियमाचे चौथे कलम आहे. विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट वर्णनाची शस्त्रे, अधिसूचना काढून नियंत्रणात आणण्याची मुभा ते देते, आणि त्याचा भंग करणाऱ्यास २५ व्या कलमाखाली सामान्यतः किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे. दिल्लीत १९८० मध्ये निघालेल्या अशा अधिसूचनेने गरारीदार, बटणदार आणि अन्य यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू मोजून मापून वर्णिले: पाते ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद. मापावर कोणी वाद घालू शकेल, पण माप आहे. याच्या जोडीला पोलीस कायद्याचे मनाई आदेश येतात, आणि त्यांना माप नाही. महाराष्ट्रातील कोणतेही वृत्तपत्र उघडावे. ‘शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७, १३५’ ही जोडगोळी गुन्हेवृत्तांत हटकून भेटते. जिल्ह्याजिल्ह्यांतून हे मनाई आदेश पंधरवड्या-पंधरवड्याने निघत राहतात, सणासुदीला, निवडणुकीला, जयंतीला, पुण्यतिथीला. अपवाद ज्याला विशेष परिस्थितीत द्यावयाचा असा अधिकार, तो वर्षाचे निम्मे दिवस चालू राहिला तर परिस्थिती विशेष कोणती आणि नित्याची कोणती, हे कोणी सांगावे?

म्हापशाहून किंवा पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाणारा आणि पुढे निपाणीमार्गे कोल्हापूर गाठणारा आमचा वाचक दोन सीमा ओलांडतो. कणकुंबीला तो कर्नाटकात शिरतो, कोगनोळीनंतर महाराष्ट्रात. सावंतवाडीकर आंबोलीवरून जाईल तर त्याला शिनोळी लागते. सुमारे दोनशे किलोमीटरांच्या या वाटेवर तीन राज्यांच्या पोलिसांचा अंमल आहे आणि त्या दिवशी कोठे कोणता आदेश लागू आहे याची पाटी वाटेत कोठेही नाही. शहरात पोलीस आयुक्तांचा आदेश, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा, पलीकडे आणखी कोणाचा. पूर्वीचे १४४ कलम गेले आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम आले, एवढा बदल मात्र झाला. आंबे कापण्यासाठी मोटारीत ठेवलेला चाकू या वाटेवर कितीदा शस्त्र होतो आणि कितीदा पुन्हा चाकू होतो, हे मोटारीत बसलेल्याला कळण्याचा मार्ग नाही.

पोलिसांची बाजू आम्ही दृष्टीआड करीत नाही. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’ या नावाने जी दहशत माजली ती खोटी नव्हती. मिसरूड न फुटलेली पोरे हातात कोयते घेऊन दुकाने फोडीत होती आणि त्याची चित्रफीत अभिमानाने मित्रांना दाखवीत होती. मे २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागविलेल्या तलवारी आणि चाकूसुऱ्यांचा साठा पोलिसांनी पकडला होता. वाढदिवसाचा केक तलवारीने कापण्याची विकृती तर गावोगाव पोहोचली आहे. चाकूच्या छांदिष्टांतही असे आहेत की ज्यांना पोलादापेक्षा पाते उघडताना होणाऱ्या आवाजाचे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरील भावाचे कौतुक अधिक. त्यांच्याविषयी आम्हांला सहानुभूती नाही. खिशातली वस्तू कामापुरती बाहेर काढावी आणि पुन्हा मिटून ठेवावी, एवढे ज्याला जमत नाही त्याने टपाल-तिकिटे जमवावीत.

पण पुण्याच्या त्या प्रकरणात उपाय म्हणून काय झाले? कोयता विकत घेणाऱ्याचे आधारपत्र नोंदवून घ्या, असे विक्रेत्यांना सांगण्यात आले. म्हणजे दुकाने फोडणाऱ्या पोरांचा हिशेब, त्या कोयत्याने ऊस तोडून पोट भरणाऱ्या बीडच्या मजुरानेही द्यावयाचा. गुन्हा माणसाने केला आणि चौकशी अवजाराची झाली. असे प्रकार जगात अन्यत्रही घडले आहेत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा भरसभेत, व्यासपीठावर, एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. हत्यार होते सामुराईची आखूड तलवार. देश हादरला आणि मुलांच्या हातात कोणतेही पाते नको अशी मोहीम निघाली. तिचा घाव बसला तो ‘हिगोनोकामी’ या साध्या मिटणाऱ्या चाकूवर, ज्याने जपानी शाळकरी मुले पेन्सिली तासत. मिकी गावातील त्याचे कारखाने एकामागून एक बंद पडले. तलवारीने खून झाला आणि पेन्सिल तासणारा चाकू फासावर गेला.

आपल्या देशातील रामपूरची कथा याहून उपरोधिक आहे. नबाबी अंमलात नावारूपाला आलेला तो चाकू हिंदी चित्रपटांनी खलनायकाच्या हातात दिला आणि त्याची कीर्ती आणि अपकीर्ती एकाच वेळी देशभर पसरली. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली. गुन्हे थांबले नाहीत, कारागीर मात्र धंदा सोडून गेले. आणि मग मार्च २०२३ मध्ये त्याच रामपुरात सरकारी विकास प्राधिकरणाने वीस फुटी चाकूचे शिल्प भर चौकात उभे केले. ज्याने चाकू घडवावयाचा त्याला पिटाळून लावले आणि चाकूचा पुतळा उभारला! आपल्या सरकारांना हस्तकलेविषयी प्रेम वाटते ते ती मेल्यावर, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

बेळगावच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ओतशाळा आणि यंत्रशाळा ही या शहराची जुनी पुण्याई आहे. उद्यमबागेत हजारांश इंचाच्या हिशेबाने काम करणारे कारागीर आहेत. जवळच हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. मिटणाऱ्या चाकूला लागते ते याहून अवघड नाही: चांगल्या पोलादाला नेमके पाणी, मुठीच्या दोन पट्ट्यांचे अचूक यंत्रण आणि शेवटी माणसाच्या हाताची सफाई. तरुण ज्या वस्तू परदेशांतून मागवितात त्या येथे होऊ शकतात, असे आमचे मत आहे. परंतु आज जी वस्तू बनविली ती उद्याच्या आदेशात शस्त्र ठरणार की नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो उद्योजक त्या वाटेला जाईल कशाला? तो पंपाचे सुटे भाग करील आणि सुखाने झोपेल.

कायद्याला अपवाद करता येत नाहीत असेही नाही. शिखांच्या कृपाणाला घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणानेच मान्यता दिली आहे. खुद्द कर्नाटकात कोडगूच्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. त्यांचा मान राखला गेला याचा आम्हांला आनंदच आहे. मग कोयत्यासारख्या निव्वळ अवजाराची एक ओळ मनाई आदेशात घालावयाला अडचण कोणती? ब्रिटनमध्ये १९८८ चा कायदा आहे. तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप नसलेला मिटणारा चाकू कोणीही कारण न सांगता बाळगावा. त्याहून मोठा असेल तर काम, धर्म वा राष्ट्रीय पोशाख असे सबळ कारण दाखवावे. जर्मनीत तर जेथे चाकूंचा पिढीजात धंदा आहे त्या सोलिंगेन शहरातच ऑगस्ट २०२४ मध्ये, उत्सवाच्या गर्दीत, चाकूने तिघांचे बळी घेतले गेले. त्या देशाने पुढे कायदा कडक केला, पण व्यवसायासाठी पाते बाळगणाऱ्यांचे अपवाद राखले. हे देश गुन्हेगारांचे लाड करणारे नाहीत. त्यांनी फक्त नागरिकाला पट्टी हातात दिली आहे. घरातून निघण्यापूर्वी त्याने पाते मोजावे आणि आपण कोठे उभे आहोत हे जाणून घ्यावे.

सीमाभागात या पट्टीबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भाषा. तुमच्या खिशातील अमुक वस्तू आजपासून गुन्हा आहे, असे ज्या माणसाला सांगावयाचे त्याला ते समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, हे तत्त्व कोणत्याही सीमावादाच्या अलीकडचे आहे. बेळगाव कोणाचे, हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु जेथे भाषिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या पंधरा-वीस टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांत मराठी भाषकांचे प्रमाण त्याहून किती तरी अधिक आहे. तेथे मराठीतून कागद मिळावा म्हणून माणसांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात. सातबारा समजला नाही तर माणूस वकिलाकडे जाऊन तो वाचून घेईल. मनाई आदेश समजला नाही तर त्याची भेट थेट ठाणेदाराशी पडते. येथे आम्ही हेही म्हणतो की, अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कानडी भाषकांना महाराष्ट्राने हीच वागणूक दिली पाहिजे. सोलापूर वा सांगलीचा मनाई आदेश केवळ मराठीत निघत असेल तर बेळगावविषयी तक्रार करताना आपला आवाज आपोआप बारीक होतो.

निपाणीला तर आदेश आणि गोळी यांच्यातील अंतर किती थोडे असते याची आठवण आहे. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला आणि एप्रिलच्या आरंभी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी प्राणास मुकले. त्या आंदोलनाची मागणी रास्त भावाची होती आणि ती मागणाऱ्यांची आयुष्ये विळ्याकोयत्यांत गेली होती. ज्या भूमीत असे घडले तेथे अवजाराला शस्त्र म्हणताना प्रशासनाने दहा वेळा विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यासाठी नवा कायदा नको, संसदेपुढे जाणेही नको. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने ‘चाकू’ या शब्दापुढे पात्याची लांबी लिहावी. शेती, बागायत, ऊसतोड, विडी-तंबाखू, स्वयंपाक आणि कारागिरी यांची अवजारे कामावर जाता-येता बाळगण्यास मुभा असल्याचे एका ओळीत सांगावे. मोर्च्यात, सभेत, मिरवणुकीत कोणतेही पाते नको, हे स्पष्ट म्हणावे. त्याला कोणी सुज्ञ माणूस विरोध करणार नाही. खटक्याने उघडणारे चाकू वेगळे काढावयाचे असतील तर तसे नाव घेऊन काढावेत. आणि हा कागद कणकुंबी, शिनोळी आणि कोगनोळी येथे कानडी व मराठीत लावावा. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कागलच्या बाजूला तेच करावे. बेळगाव आणि कोल्हापूरचे अधिकारी साखर कारखान्यांच्या हंगामासाठी आणि पुराच्या पाण्यासाठी एकमेकांशी बोलतात. पात्याच्या लांबीविषयी एकदा बोलले तर कोणत्याही राज्याच्या दाव्याला बाध येणार नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात त्या साधारण कार्तिकात. अधिवेशन भरते आणि आदेश निघतो तो मार्गशीर्षात. मधल्या महिन्यात एक कागद दोन भाषांत छापून तीन नाक्यांवर चिकटविणे शक्य आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीतील एक लेखनिक, एक दुभाष्या आणि खळीचे एक भांडे पुरेल.